विम्याचं विचारा : एक गाडी, दोन पॉलिसी

मोटर विभागात मी अठ्ठावीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसले. एकाच गाडीच्या दोन पॉलिसी घेऊन आलेला माणूस लांबूनच ओळखू यायचा. तो दोन्ही कागद हातात समोरासमोर धरून, मान इकडून तिकडे हलवत रांगेत उभा असायचा. आता मी बाहेर आहे आणि तीच माणसं पत्रं लिहितात. या वेळी तशी बरीच पत्रं साठली, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझ्या गाडीचा विमा ९ जूनला संपत होता. मुलगा परगावी असतो. त्याने मला न सांगता ऑनलाइन पॉलिसी काढली, ती १० जूनपासून सुरू. मला पत्ता नाही. १३ तारखेला आमचे नेहमीचे एजंट आले, त्यांना मी चेक दिला. त्यांची पॉलिसी १४ जूनपासून. कंपन्या वेगळ्या. परवा मुलगा घरी आला तेव्हा सगळा उलगडा झाला. एजंट म्हणतात मुलाची रद्द करा, ऑनलाइनवाले वेळेला फोन उचलत नाहीत. मुलगा म्हणतो एजंटची रद्द करा. गाडीवर बँकेचं थोडं कर्ज बाकी आहे. पैसे परत मिळतील का, आणि कोणती रद्द करू? (एक निवृत्त मुख्याध्यापक)

उत्तर : सर, आधी मुलाला रागावणं थांबवा. तुमचा जुना विमा ९ जूनच्या मध्यरात्री संपला आणि एजंटांचा १४ला सुरू झाला. मधले चार दिवस गाडी मुलाच्या पॉलिसीवर चालली. ती नसती आणि त्या चार दिवसांत कुणाला धक्का लागला असता, तर भरपाई तुमच्या पेन्शनमधून गेली असती. शिवाय विमा न काढता गाडी रस्त्यावर आणली म्हणून मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ खाली पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. एजंट नेहमीचे असले तरी ते चार दिवस उशिरा आले, हे त्यांना चहा देताना जरूर सांगा.

पैशांचं सांगते. आमच्या वेळच्या मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे गाड्यांच्या विम्याच्या दर-नियमांच्या पुस्तकात, दुहेरी विम्याचा सरळ नियम होता : दोन पॉलिसींपैकी जी नंतर सुरू झाली ती रद्द करायची. दोन्ही एकाच कंपनीच्या दोन शाखांतून निघाल्या असतील तर नंतरच्या पॉलिसीचा पूर्ण प्रीमियम परत करता यायचा, आणि कंपन्या वेगळ्या असतील तर उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात. अट एकच. दोन्ही चालू असताना कुठल्याही पॉलिसीवर क्लेम उद्भवलेला नसावा. उद्भवला असेल तर परतावा विसरा. म्हणून अर्ज लिहिण्याआधी घरात सगळ्यांना विचारा. बंपर घासला म्हणून गॅरेजवाल्याने परस्पर क्लेम टाकलेला असतो आणि मालकाला ते महिन्याने कळतं, असं मी डझनभर वेळा पाहिलं आहे.

दुहेरी विमा नसताना कुणी मध्येच पॉलिसी सोडली, तर हिशेब वेगळा आणि कंजूष असे. त्याला शॉर्ट पीरियड स्केल म्हणायचे. पहिल्या महिन्यात सोडली तरी कंपनी वर्षाच्या प्रीमियमचे २० टक्के ठेवून घ्यायची, दोन महिन्यांपर्यंत ३०, तीनपर्यंत ४०, असं चढत आठ महिन्यांपर्यंत ९०. आठ महिने उलटले की हाती भोपळा. ११ जून २०२४ च्या परिपत्रकात विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, हे बदललं. वैयक्तिक ग्राहक आता केव्हाही, कारण न देता पॉलिसी रद्द करू शकतो, आणि एक वर्षापर्यंतच्या पॉलिसीवर क्लेम झालेला नसेल तर उरलेल्या दिवसांचा प्रीमियम प्रमाणात परत द्यावा लागतो.

फरक किती पडतो ते बघा. समजा एजंटांच्या पॉलिसीचा प्रीमियम कर वगळून १०,९५० रुपये आहे, म्हणजे दिवसाला ३० रुपये. तुम्ही २३ जुलैपर्यंत ती चालवली तर ४० दिवस वापरले आणि ३२५ उरले. दिवसांच्या हिशेबाने ९,७५० रुपये परत. जुन्या स्केलने ४० दिवस म्हणजे 'दोन महिन्यांपर्यंत'च्या खणात, ३० टक्के कापून ७,६६५. तब्बल २,०८५ रुपयांचा फरक. जुन्या सवयीने कुणी कारकून तुम्हाला स्केलचा तक्ता दाखवायला लागला, तर परिपत्रकाची तारीख सांगा आणि हिशेब लेखी मागा.

आता कोणती ठेवायची. २०२४ नंतर ही निवड बरीचशी तुमच्या हातात आहे, त्यामुळे एजंटाच्या गोड बोलण्यावर किंवा स्वस्ताईवर जाऊ नका. दोन्ही पॉलिसींची पहिली पानं शेजारी ठेवा, मधे आरसी ठेवा आणि चॅसिस क्रमांक बोट ठेवून एकेक अक्षर वाचा. सतरा अक्षरं असतात. हाताने टाइप केलेल्या पॉलिसीत ८ चा बी आणि ५ चा एस झालेला मी इतक्यांदा पाहिला आहे की डोळे आपोआप तिथे जातात. एक गंमत सांगते : चॅसिस क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत. पॉलिसीत ओ दिसला की समजा, शून्याचा घोटाळा आहे. मग बँकेचं नाव बघा. हायपोथिकेशनच्या, म्हणजे गाडीवरच्या कर्जाच्या, रकान्यात बँक आहे का? ऑनलाइन भरताना मुलं हा रकाना हमखास सोडतात. नसेल तर ती दुरुस्ती एन्डॉर्समेंटने, म्हणजे पॉलिसीतला बदल नोंदवणाऱ्या कंपनीच्या कागदाने, होते, तेवढ्यावरून पॉलिसी टाकून देऊ नका. मग आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर मिळणाऱ्या रकमेचा आकडा. सहाशे रुपये स्वस्त पॉलिसीत आयडीव्ही चाळीस हजारांनी कमी धरलेला असतो, हे मुलाला दाखवा. झीरो डेप, म्हणजे सुटे भाग बदलताना झिजेपोटी रक्कम न कापण्याची सोय, कोणत्या पॉलिसीत आहे तेही बघा.

एवढं सगळं सारखं असेल तर माझं मत मुलाच्या बाजूने. कारण त्या चार दिवसांचं. एजंट सुचवतील, 'सर, ऑनलाइनची सुरुवातीपासूनच रद्द करून घेऊ, सगळे पैसे येतील.' याला अजिबात हो म्हणू नका. सुरुवातीपासून रद्द म्हणजे ती पॉलिसी कधी नव्हतीच, आणि मग १० ते १३ जून हे चार दिवस मागे जाऊन उघडे पडतात. त्या दिवसांतल्या एखाद्या अपघाताची नोटीस सहा महिन्यांनी आली तर दाखवणार काय?

अर्ज साधा असतो : पॉलिसी क्रमांक, गाडीचा क्रमांक, 'दुहेरी विम्यामुळे रद्द', कोणत्या तारखेपासून, आणि या पॉलिसीवर क्लेम नाही हे वाक्य. सोबत चालू ठेवलेल्या पॉलिसीची प्रत आणि रद्द केलेला चेक. कंपनीकडून रद्द झाल्याची एन्डॉर्समेंट आली की रद्द पॉलिसीची प्रत गाडीच्या कप्प्यातून काढा. नाहीतर नाक्यावर नेमकी तीच पुढे केली जाते.

प्रश्न : मॅम, माझ्या गाडीच्या चुकून दोन पॉलिसी झाल्या आहेत. एकीत आयडीव्ही ४ लाख, दुसरीत ६ लाख. परवा मागून ट्रकने ठोकलं, दुरुस्तीचं बिल ४८,००० आहे. दोन्हीकडे प्रीमियम भरलाय तर दोन्हीकडून क्लेम घेतला तर चुकलं कुठे? मित्र म्हणतो, कळतच नाही कोणाला. (एक नोकरदार तरुण)

उत्तर : मित्र बदला.

गाडीचा विमा म्हणजे झालेलं नुकसान भरून देण्याचा करार. नुकसान ४८,००० चं आहे, तर दहा पॉलिसी असल्या तरी ४८,००० वरच थांबतं. प्रत्येक मोटर पॉलिसीच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत अट असते : घटनेच्या वेळी त्याच गोष्टीचा दुसरा विमा असेल, तर ही कंपनी आपल्या वाट्यापेक्षा जास्त देणार नाही. तुमच्या बाबतीत वाटा ४ आणि ६, म्हणजे एक कंपनी १९,२०० आणि दुसरी २८,८०० म्हणू शकते. बेरीज तीच. फायदा काय झाला? नुकसान तपासणारे दोन सर्व्हेयर, दोन क्लेम फॉर्म, दोन्हीकडे सक्तीची वजावट (क्लेममधली आपण सोसायची ठरावीक रक्कम) कापायची का यावर दोन आठवड्यांचा पत्रव्यवहार, आणि तोवर गाडी गॅरेजात.

आणि कळतं. तोच गाडी क्रमांक, तीच तारीख, तेच गॅरेज, तोच फोटो. सर्व्हेयर मंडळींचं जग फार लहान आहे. माझ्या टेबलावर एकदा दोन कंपन्यांच्या फायली एकत्र आल्या, कारण दोन्हीकडचा सर्व्हेयर एकच होता आणि त्याला दिव्याची तडकलेली काच ओळखीची वाटली. ज्याने जाणूनबुजून दोनदा पैसे घेतले, त्याच्यावर विश्वासघाताचा शिक्का बसतो आणि दोन्ही क्लेम जायची पाळी येते.

तुमच्याकडून अजून काही बिघडलेलं नाही. ज्या कंपनीचं कॅशलेस गॅरेज तुमच्या गॅरेजाशी जुळतं तिथे क्लेम लावा आणि दुसरी पॉलिसी आहे हे फॉर्ममध्ये लिहा. दुसरीचा परतावा मात्र गेला, कारण दोन्ही चालू असताना क्लेम उद्भवला. ट्रकवाल्याची चूक असेल तर त्याच्या थर्ड पार्टी विम्याकडूनही, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणाऱ्या विम्याकडूनही, नुकसान मागता येतं, पण त्या वाटेला वेळ लागतो.

आयुष्याच्या आणि अपघाताच्या विम्याला हा नियम लागू नाही. माणसाच्या जिवाची किंमत बिलावर मांडता येत नाही, म्हणून दोन वैयक्तिक अपघात पॉलिसी असतील तर दोन्हीकडून रक्कम मिळू शकते. कदाचित मित्राने तेच कुठेतरी अर्धवट ऐकलं असेल.

प्रश्न : ताई, मे २०२४ मध्ये आम्ही नवी कार घेतली, बाराशे सीसीची. शोरूमने विमा करून दिला. या मे महिन्यात फोन आला, 'मॅडम, तुमचा विमा संपतोय, फुल इन्शुरन्स करून टाका', म्हणून केला. आता माझा भाचा म्हणतो की थर्ड पार्टी तर तीन वर्षांचं आधीच भरलेलं होतं, तू दुसऱ्यांदा भरलंस. खरंय का? (एक गृहिणी)

उत्तर : भाचा बरोबर आहे, आणि त्याला शाबासकी द्या. या चुकीवर मी थोडं सविस्तर लिहिते, कारण नव्या गाडीवाल्यांत ही सर्रास होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन वेगळ्या पॉलिसी असल्यासारखं दिसतच नाही ना!

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नवी कार घेताना तीन वर्षांचा आणि नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच काढावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा विमा मात्र सहसा एकाच वर्षाचा असतो. त्यामुळे वर्षभराने 'विमा संपतोय' हे अर्धंच खरं असतं. तुमच्या बाबतीत ओन डॅमेज संपत होता, थर्ड पार्टी मे २०२७ पर्यंत शाबूत आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून फक्त ओन डॅमेजची वेगळी पॉलिसी मिळते. तुम्हाला तीच घ्यायची होती.

आता या मे महिन्यातली पॉलिसी समोर घ्या आणि प्रीमियमचा तक्ता असलेलं पान उघडा. त्यात दोन उभे रकाने असतील. डावीकडे 'ओन डॅमेज (अ)', उजवीकडे 'लायबिलिटी (ब)'. उजव्या रकान्यात पहिल्याच ओळीत 'बेसिक थर्ड पार्टी' लिहिलेलं असेल. १ जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी कारला तिथे ३,४१६ रुपये दिसतील. हा दर सरकार ठरवतं, कंपनी नाही, म्हणून फोनवरच्या मुलीला 'थोडं कमी करा' म्हणायची सोय नसते. त्यामुळे ती 'फुल' शब्द वापरते. शोरूमच्या जुन्या पॉलिसीच्या उजव्या रकान्यात याच गटाचे तीन वर्षांचे एकरकमी १०,६४० दिसतील. दोन पानं शेजारी ठेवलीत की भाच्याच्या बोलण्याचा पुरावा तुमच्यासमोर आहे.

त्याच उजव्या रकान्यात खाली अजून दोन-तीन ओळी असतात. 'पीए ओनर ड्रायव्हर' म्हणजे गाडीच्या मालकाचा १५ लाखांचा सक्तीचा अपघात विमा. २०१९ पासून हा प्रत्येक गाडीला वेगळा घ्यावा लागत नाही. तुमच्या नावावर दुसरी गाडी असून तिच्यावर तो घेतलेला असेल, किंवा मृत्यू आणि कायमचं अपंगत्व धरून १५ लाखांची स्वतंत्र अपघात पॉलिसी असेल, तर इथे पुन्हा भरायची गरज नाही. आणि 'पेड ड्रायव्हर' लिहून पन्नास रुपये असतील तर ते राहू द्या. पन्नास रुपयांत ड्रायव्हरची जबाबदारी झाकली जाते, त्यावर कुणी भांडू नये.

आता काय करायचं. त्याच कंपनीला लेखी कळवा की थर्ड पार्टी आधीच अमुक पॉलिसी क्रमांकावर मे २०२७ पर्यंत आहे, ही पॉलिसी फक्त ओन डॅमेजमध्ये बदलून द्या आणि जादा घेतलेली रक्कम परत करा. जुन्या पॉलिसीची प्रत जोडा. ओन डॅमेजच्या पॉलिसीवर थर्ड पार्टी पॉलिसीचा क्रमांक, कंपनी आणि मुदत छापलेली असते, त्यामुळे हा तपशील त्यांना लागतोच. कंपनी 'रद्द करून नवी घ्या' म्हणाली तरी चालेल, पण फक्त ओन डॅमेजची नवी हातात आल्यावरच ही मे महिन्यातली रद्द. मधे रात्रभर जरी ओन डॅमेज तुटला, तर नवी कंपनी गाडीची तपासणी मागते, फोटो मागते आणि तुम्ही पुन्हा मला पत्र लिहिता.

आणि चुकूनही उलटं करू नका, म्हणजे तीन वर्षांचा जुना थर्ड पार्टी मोडायला जाऊ नका. दोन वर्षांचे पैसे परत मिळतील या मोहाने एका गृहस्थांनी तसं करायचा घाट घातला होता. दरवर्षी आठवणीने काढावी लागणारी गोष्ट तीन वर्षं आपोआप चालली आहे, ती कशाला हातची घालवायची?

प्रश्न : ताई, मी माझी स्कूटर ऑफिसातल्याच एकाला विकली. पैसे मिळाले, शंभराच्या स्टॅम्प पेपरवर डिलिव्हरी नोटही झाली. पॉलिसीचे सात महिने शिल्लक आहेत. रद्द करून उरलेले पैसे घेऊ का? माझा ३५ टक्के एनसीबी (नो क्लेम बोनस) आहे, तो त्याला द्यायचा का? तो मागतोय. (नाव छापू नये)

उत्तर : नाही आणि नाही. पहिल्या 'नाही'चं कारण मला स्वतःला महागात पडलेलं आहे, म्हणून मनापासून लिहिते.

मोटर विभागात बसून लोकांना शहाणपण शिकवणारी मी, माझी जुनी स्कूटर शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुलाला विकली. डिलिव्हरी नोटवर तारीखच नाही, वेळसुद्धा घातली : सायंकाळी ६.४०. 'या क्षणापासून सर्व जबाबदारी घेणाऱ्याची.' दुसऱ्या दिवशी पॉलिसी रद्द केली, चारशे-साडेचारशे रुपये परत आले आणि मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं. पोराने आरसी नावावर करायला आठ महिने लावले. त्यातल्या सहाव्या महिन्यात त्याच्या भावाने एका सायकलवाल्याला पाडलं आणि पोलीस चौकीतून फोन आला तो मला. नशीब, सायकलवाल्याचं मनगट मुरगळण्यावर निभावलं आणि आपसात मिटलं. पण त्या रात्री मी जागी होते. कारण गाडी कागदोपत्री माझी होती आणि विमा मीच काढून टाकलेला होता.

कायदा असा आहे. आरसीवर ज्याचं नाव, तो कायद्याच्या लेखी मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच ठरवलं : गाडी एकामागून एक हातात विकली गेली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, भरपाईची जबाबदारी त्याची. तुमची डिलिव्हरी नोट घेणाऱ्याशी भांडायला उपयोगी आहे, जखमी माणसासमोर तिचा उपयोग नाही.

दुसरीकडे कलम १५७ तुमच्या बाजूने आहे. गाडी विकली की तिचा विमा घेणाऱ्याकडे गेला असं धरलं जातं, आणि चौदा दिवसांत त्याने कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करायचा असतो. म्हणजे तुम्ही पॉलिसी जिवंत ठेवलीत तर तिसऱ्या माणसाला झालेल्या इजेचा भार विमा कंपनीवर राहतो. पॉलिसीच्या अटींतही लिहिलेलं असतं की मालकी बदललेली असेल तर गाडीचा दुसरीकडे विमा आहे याचा पुरावा दाखवल्याशिवाय ती रद्द करता येत नाही. ही अट म्हणजे कंपनीचा आडमुठेपणा नव्हे, तुमचं चिलखत आहे. मी तेव्हा आतली माणूस म्हणून ती ओलांडून गेले.

घेणाऱ्यालाही सांगा : हे आपोआप जाणं फक्त थर्ड पार्टीचं. त्याच्या स्वतःच्या नुकसानीचं कव्हर पॉलिसी नावावर झाल्याशिवाय मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच स्पष्ट केलं आहे. विकल्याच्या पंधराव्या दिवशी स्कूटर चोरीला गेली, तर पॉलिसी तुमच्या नावावर, गाडी त्याची, आणि पैसे कुणालाच नाहीत. ऑफिसातला माणूस आहे, रोज तोंड दाखवायचं आहे, म्हणून त्याला हे आजच दाखवा.

तेव्हा आधी फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी त्याच्या नावावर. त्याच राज्यातली विक्री असेल तर तुम्हीसुद्धा चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आरसी झाली की एकतर तो पॉलिसी नावावर करून घेईल, किंवा स्वतःची नवी काढेल. नवी काढली की तिची प्रत घेऊन तुम्ही जुनी खुशाल रद्द करा.

एनसीबी त्याला देता येत नाही. ते गाडीचं नाही, तुमचं आहे. तुम्ही क्लेम न करता सांभाळून चालवलीत त्याची ती बक्षिशी. तो पॉलिसी नावावर करून घेईल तेव्हा तुमच्या ३५ टक्क्यांच्या सवलतीचा उरलेल्या दिवसांचा फरक कंपनी त्याच्याकडून भरून घेईल. तुम्ही कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या. ते तीन वर्षांत नव्या गाडीला लावता येतं. ही सवलत फक्त ओन डॅमेजच्या प्रीमियमवर असते, थर्ड पार्टीवर नाही. त्यामुळे फार मोठी स्वप्नं बघू नका, पण नवी कार घेणार असाल तर आकडा बरा होतो.

प्रश्न : विमा २८ तारखेला संपतो. मी आजच, वीस दिवस आधी, नवीन काढला. वीस दिवस दोन विमे झाले का? एक रद्द करू? (एक रिक्षाचालक)

उत्तर : नाही झाले. नव्या पॉलिसीवर 'सुरू' या शब्दापुढची तारीख बघा. २९ची पहाट असेल तर तुम्ही फक्त पैसे आधी भरलेत, विमा रांगेत उभा आहे. काही रद्द करू नका. आजची तारीख असेल तर मात्र काढणाऱ्याने चूक केली आहे. उद्याच्या उद्या जाऊन सुरू होण्याची तारीख बदलून घ्या.

प्रश्न : दुहेरी विमा म्हणून पॉलिसी रद्द करून तीन महिने झाले. कंपनी म्हणते 'प्रोसेसमध्ये आहे'. (एक त्रासलेला वाचक)

उत्तर : तुमच्या पत्रात रद्द झाल्याची एन्डॉर्समेंट मिळाली की नाही, हे लिहिलेलं नाही. आधी ती मागा. ती नसेल तर कदाचित पॉलिसी अजून चालूच असेल, आणि 'प्रोसेस' म्हणजे तुमचा अर्ज कुणाच्या तरी ट्रेमध्ये दुसऱ्या फाइलीखाली आहे. एन्डॉर्समेंट असेल तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. वकील लागत नाही, फी नाही. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. अर्जात राग लिहू नका, तारखा लिहा. पहिल्या अर्जाची तारीख, पहिल्या फोनची तारीख, कोण काय म्हणालं. अशी एक पानाची यादी असलेली तक्रार टेबलावर आली की आम्ही आतले लोक चहा बाजूला ठेवून ती आधी घ्यायचो.

जाता जाता एक विनंती. प्रश्नासोबत पॉलिसीची झेरॉक्स पाठवा, मूळ कागद नको. मागच्या महिन्यात एका वाचकांनी पाकिटात मूळ आरसी आणि गाडीची दुसरी किल्ली अशी दोन्ही पाठवली. ती रजिस्टर पोस्टाने परत केली आहेत. मिळाल्याचं कार्यालयात कळवावं.